आस्कंदाचा (अश्वगंधेचा) रिपोर्ट दर खेपेला वेगळा का येतो?

आधी लक्षणं लिहिते, म्हणजे तुमचा त्रास हाच आहे का ते लगेच ताडून पाहता येईल.

व्यापारी तोच, नाव तेच, भावही जवळपास तोच; पण मागची खेप पास झाली आणि ही नापास. व्यापाऱ्याच्या सर्टिफिकेटवर विथेनोलाइडचा, म्हणजे आस्कंदातल्या औषधी घटकांचा, आकडा भरघोस, आणि आपल्या लॅबच्या कागदावर त्याच्या पावभागही नाही. चूर्ण कधी पांढुरकं पिवळसर, कधी करडं, कधी हिरवट झाक मारणारं. मुळी कधी खडूसारखी कट्‌दिशी मोडते, कधी ओल्या काडीसारखी वाकते. शिमग्याच्या सुमारास फोडलेल्या गोणीला तो उग्र, तबेल्याची आठवण करून देणारा वास असतो. दिवाळीत फोडलेल्या गोणीला जवळपास नसतोच. शेतकऱ्यांची तक्रार थोडी निराळी: बी एकाच पिशवीतलं, शेजारच्या तालुक्यातल्या पाहुण्यांचा माल उचलला गेला आणि माझा परत आला. आणि वैद्यांकडून हमखास येणारं वाक्य म्हणजे, "मागच्या वेळचं चूर्ण लागू पडलं होतं, या वेळचं पडत नाहीये."

पुण्यातले लहान आयुर्वेदिक कारखाने आणि स्वतःची औषधं स्वतः बनवणारे वैद्य यांच्यासाठी कच्चा माल तपासण्याचं काम मी वीस वर्षांहून अधिक काळ करते आहे. आस्कंद, हळद, वेखंड, शतावरी, गुळवेल असा सगळाच माल हाताखालून जातो. पण वर लिहिलेली तक्रार सर्वांत जास्त वेळा आस्कंदाची येते. आणि प्रत्येक वेळी पहिला आरोप मातीवर होतो. "तिकडची जमीनच तशी," असं म्हणून विषय संपवला जातो. माती खरोखरच दोषी असू शकते, वनस्पतीचं रसायन जागेनुसार बदलतं यात मला तिळमात्र शंका नाही. पण ती रांगेत शेवटी उभी असते. तिच्या आधीचे संशयित तपासले नाहीत तर तुम्ही व्यापारी बदलाल, गाव बदलाल, पैसे घालवाल आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच याल. म्हणून सोप्या आणि फुकटच्या तपासणीपासून सुरुवात करू.

रिपोर्ट नीट वाचा

याला एक रुपयाही लागत नाही, तरी बहुतेक जण हेच करत नाहीत. दोन कागद शेजारी ठेवा, व्यापाऱ्याचा आणि तुमचा. आकड्याकडे नंतर बघा, आधी पद्धत कोणती लिहिली आहे ते बघा. वजनी पद्धतीत अर्क काढून, धुऊन, सुकवून जे उरेल ते तोलतात आणि ते सगळं विथेनोलाइड म्हणून मोजतात. त्यात विथेनोलाइड असतातच, पण सोबत इतर बरंच काही चिकटून येतं. एचपीएलसी या यंत्रावरच्या पद्धतीत एकेक घटक वेगळा करून मोजला जातो, त्यामुळे तिथला आकडा कितीतरी लहान दिसतो. मुळीत विथेनोलाइड मुळात टक्क्याच्या काही दशांशांतच असतात. तेव्हा कच्च्या मुळीच्या सर्टिफिकेटवर दोन-अडीच टक्के दिसले की माल उत्तम असं समजण्याआधी पद्धत विचारा.

दोन्हीकडे एचपीएलसी असेल तर बेरजेत कोणकोणते घटक धरले ते पाहा. विथाफेरिन ए, विथेनोलाइड ए, विथेनोन, विथेनोसाइड चार आणि पाच अशी ही मोठी भावकी आहे. एका लॅबने तीन घटक मोजले आणि दुसरीने सात, तर दोन्ही कागद खरे असूनही आकडे जुळणार नाहीत. तिसरी गोष्ट, आकडा "सुक्या वजनावर" आहे की "आहे त्या वजनावर". माझ्याकडे आलेली कितीतरी भांडणं या एका ओळीवर मिटली आहेत. माल तसाच होता, माती तशीच होती, फक्त फुटपट्टी वेगळी होती.

हात, नाक, जीभ

मूठभर मुळ्या घ्या आणि मोडा. चांगली सुकलेली, वेळेवर काढलेली आस्कंदाची मुळी चटकन मोडते, मोड आखूड आणि खडबडीत असते, आतून पांढरी पिठूळ दिसते. चव कडवट आणि जराशी झोंबणारी. वाकते ती ओली आहे. मोडताना धागे निघतात, आतून लाकडासारखी दिसते, ती एकतर फार जून झालेली आहे किंवा लागवडीच्या वाणाची नाही. याकडे पुढे येईन. गोदामातले मामा लोक हे काम माझ्यापेक्षा चांगलं करतात. त्यांना विचारा, त्यांच्या बोटांना कळलेलं असतं.

सॅम्पल कुठून घेतलं?

गोणीच्या तोंडाशी भरलेला माल हा दाखवायचा माल असतो. मी स्वतः कोपरापर्यंत हात घालून तळातला माल काढलेला आहे: वर बोटाएवढ्या जाड, गोऱ्या मुळ्या, आणि तळाशी बुडखे, तंतुमुळं, भुगा आणि वाळू. दोन्ही एकाच गोणीतलं. आता लॅबला वरची मूठ गेली तर एक आकडा येतो, तळातली गेली तर दुसरा, आणि आपण म्हणतो माल बदलला.

जागतिक आरोग्य संघटनेचा वनौषधींसाठीचा साधा नियम पाळा. पाच गोण्यांपर्यंत प्रत्येक गोणीतून सॅम्पल, सहा ते पन्नास असतील तर पाच गोण्यांतून, पन्नासच्या वर असतील तर दहा टक्के गोण्यांतून. प्रत्येक गोणीत वरून, मधून आणि तळातून. सगळं एका मोठ्या कागदावर ओता, कालवा, चपटा ढीग करा, त्याचे चार भाग पाडा. समोरासमोरचे दोन ठेवा, दोन परत गोणीत टाका. उरलेल्याचं पुन्हा तेच. पाव किलोवर येईपर्यंत हे करा. पंधरा मिनिटांचं काम आहे. सॅम्पल चुकलं तर पुढचे लॅबचे सगळे पैसे पाण्यात.

ओल आणि वाळू

समजा, पूर्ण सुकलेल्या मुळीत ०.४० टक्के विथेनोलाइड आहेत. ओल ६ टक्के असेल तर आहे त्या वजनावर तो आकडा ०.३८ दिसेल. तीच मुळी श्रावणात उघड्या गोदामात राहून १४ टक्के ओल धरून बसली की आकडा ०.३४ वर येतो. मुळीत काहीही घडलेलं नाही, तिने फक्त हवेतलं पाणी प्यायलं आहे, आणि ते पाणी तुम्ही मुळीच्या भावाने विकत घेतलं आहे. दहा ग्रॅम भरड तोलून १०५ अंशांवर, वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत सुकवा आणि फरक मांडा. सोनारी तराजू आणि साधा इलेक्ट्रिक ओव्हन पुरतो. (वेखंड, जटामांसी अशा सुगंधी मालाला मात्र ही रीत लावू नका. तिथे पाण्याबरोबर तेलही उडतं आणि आकडा फसवतो.)

वाळूसाठी काचेच्या ग्लासात पाणी घ्या, चमचाभर चूर्ण टाकून ढवळा आणि थांबा. तळाशी बोटाला कचकचणारा थर बसला तर मुळ्या धुतलेल्याच नाहीत. पक्का आकडा हवा तर लॅबकडून एकूण राख आणि आम्लात न विरघळणारी राख काढून घ्या. ही तपासणी एचपीएलसीच्या मानाने फारच स्वस्त आहे आणि वजनात भरलेली माती ती उघडी पाडते.

मुळीच आहे ना?

इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण इथली चूक आकडा कमी न करता वाढवते, आणि वाढलेल्या आकड्यावर कुणी संशय घेत नाही.

आस्कंदाच्या पानांत विथाफेरिन ए भरपूर असतं. पानं स्वस्त असतात. मुळीच्या चूर्णात पानं, कोवळे देठ मिसळले की बेरीज छान फुगते आणि माल पास होतो. पण औषध मुळीचं आहे, पानांचं नाही. दोन्हींतल्या घटकांचं आपसांतलं प्रमाण वेगळं आहे. आयुष मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये उत्पादकांना मुळीच वापरा, पानं वापरू नका, असं स्पष्ट कळवलं होतं ते यासाठीच. म्हणून रिपोर्टात एकट्या विथाफेरिन एचा आकडा अचानक चढलेला दिसला तर खूश होऊ नका, थांबा.

घरगुती तपासणी दोन आहेत. चमचाभर चूर्ण छोट्या बाटलीत सर्जिकल स्पिरिटमध्ये हलवा आणि वरचा द्रव पांढऱ्या कागदावर टिपा. हिरवा डाग पडला तर पान आहे. दुसरी, केमिस्टकडे मिळणाऱ्या टिंक्चर आयोडीनचा थेंब. मुळीत स्टार्च भरपूर असल्याने चूर्ण गडद निळं-काळं पडायला हवं. फिकट पडलं तर मुळीचा भाग कमी आहे किंवा मुळी पोसलेली नाही. जुन्या, तपकिरी पडलेल्या पानांना स्पिरिटमध्ये हिरवा रंग येतोच असं नाही. तिथे सूक्ष्मदर्शकाखाली पानांवरची फाटे फुटलेली लव शोधावी लागते. जवळच्या आयुर्वेद किंवा फार्मसी कॉलेजात ओळख असेल तर हे अर्ध्या तासाचं काम आहे.

माल किती जुना?

आस्कंद पावसाळ्याच्या मध्याला पेरतात आणि पाच-सहा महिन्यांनी, फळं लाल होऊन पानं पिवळी पडली की उपटतात. म्हणजे नवा माल जानेवारी ते मार्चच्या सुमाराला येतो. दिवाळीत घेतलेली गोणी निदान सात-आठ महिने कुठेतरी पडून होती, किंवा त्याही मागच्या वर्षाची आहे. ऊन, दमट हवा आणि कीड यांनी विथेनोलाइड घटतात. काढणीचा महिना विचारा, गोण्या जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवा, चूर्ण करून साठवू नका. एवढंच.

आता गाव शोधा

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तरच जागेकडे वळा. याला पैसे फार लागत नाहीत, पण फोन खूप करावे लागतात आणि दोन-चार दिवस जातात.

पहिली गोष्ट: बिलावरचं गाव हे मंडईचं गाव असतं, शेताचं नव्हे. आस्कंदाच्या बिलावर बहुधा मध्य प्रदेशातलं नीमच किंवा मंदसौर असतं, कारण मोठा बाजार तिथे भरतो. पण त्या बाजारात आजूबाजूच्या तहसिलींतला माल येतो, राजस्थानातला येतो, त्याहून लांबचाही येतो. आपल्याकडे सांगलीच्या हळदीचं तसंच आहे. सांगलीच्या पेठेत विकली गेलेली प्रत्येक हळद सांगलीच्या शेतातली नसते, कर्नाटकातलीही तिथे येते. सांगलीच्या हळदीला २०१८ साली आणि वर्ध्याकडच्या वायगावच्या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. वायगावच्या हळदीत कुर्कुमीन, म्हणजे हळदीचा पिवळा रंग देणारा घटक, सांगलीच्या राजापुरी वाणापेक्षा जास्त असतं हे हळदीच्या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. पण बिलावर नुसतं "हळद, सांगली" असेल तर त्यावरून शेत कळत नाही.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात लागोपाठ दोन खेपा पास झाल्या आणि तिसरी पडली. वरच्या सगळ्या तपासण्या केल्या. ओल ठीक, राख ठीक, पान नाही, काढणी त्याच हंगामातली. उलट तिसऱ्या खेपेच्या मुळ्या सर्वांत देखण्या होत्या: लांब, जाड, गोऱ्या. पुण्यातला दलाल पुन्हा पुन्हा सांगत होता, "ताई, माल नीमचचाच आहे, बिल बघा ना." बिल खरंच नीमचचं होतं. मग बिल्टीवरून आडत्या, आडत्याकडून गाव, असं मागे मागे गेलो. पहिल्या दोन खेपा हलक्या, पाणी न धरणाऱ्या कोरडवाहू जमिनीतल्या होत्या. तिसरी काळ्या जमिनीतली, विहिरीचं पाणी दिलेली, भरपूर युरिया घातलेली. शेतकऱ्याने काहीच चुकीचं केलं नव्हतं. मंडईत भाव मुळीच्या लांबी-जाडीवर आणि पांढरेपणावर ठरतो. त्याने जाड मुळी पिकवली आणि चांगला भाव मिळवला. आम्हाला हवं होतं ते मात्र मंडईचा तराजू तोलतच नव्हता.

असं का होतं, ते समजून घ्या, कारण याच कारणाने तुम्हाला पुढच्या वेळी काय विचारायचं ते कळेल. विथेनोलाइड ही झाडाच्या रोजच्या पोटापाण्याची वस्तू नाही, ती त्याची संरक्षणाची तरतूद आहे. किडी, बुरशी, पाण्याची ओढ, कडक ऊन यांना तोंड देताना झाड अशा गोष्टी बनवतं. पाणी आणि नत्र मुबलक मिळालं की झाड वाढीला लागतं, मुळीत स्टार्च साठवतं. मुळी फुगते, वजन वाढतं आणि त्या मानाने विथेनोलाइड विरळ होतात, ताकात पाणी घातल्यासारखे. याचा अर्थ झाडाला जितका छळ तितकं औषध चांगलं, असा घेऊ नका. पाऊस अगदीच दगा देऊन गेला तर मुळी पोसतच नाही आणि शेतकऱ्याच्या हाती काही लागत नाही. शिवाय सगळे घटक एकाच दिशेने हलत नाहीत, एक वाढताना दुसरा घटू शकतो. म्हणून एकूण बेरजेबरोबर प्रत्येक घटकाचा आकडा मागून घ्या.

"पुणे जिल्ह्यातला माल" असं कुणी सांगितलं तर मी लगेच विचारते, कुठला? लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुणे शहरात सातशेच्या आसपास, आणि बारामती-इंदापूरकडे पाचशेच्या आसपास. जिल्हा एकच. मावळातल्या चिबड जमिनीत आस्कंदाची मुळी कुजेल. जेजुरीकडच्या मुरमाड उतारावर ती मजेत येईल. जांगल (कोरडा), आनूप (पाणथळ) आणि साधारण (मधला) देश हा भेद वैद्यांना पाठ असतो. तो खरेदीच्या कागदावर उतरवला तर अर्धी कटकट मिटेल. तालुका नव्हे, गाव लिहून घ्या. जमीन हलकी की भारी, कोरडवाहू की पाण्याखालची, नत्र किती घातलं, काढणीचा महिना कोणता, एवढे चार प्रश्न पुरतात.

माती की बियाणं?

ही सर्वांत अवघड पायरी आहे आणि तिला एक पूर्ण हंगाम लागतो. कारण गाव बदलताना दोन गोष्टी एकदम बदलतात: जमीन-हवामान आणि त्या गावात रुजलेलं बियाणं. दोष कुणाचा, हे नुसत्या दोन खेपा शेजारी ठेवून कळत नाही.

बियाण्याचा जोर किती असतो याचं माझं आवडतं उदाहरण वेखंडाचं. वेखंडाच्या तेलात बीटा-असारोन नावाचा घटक असतो आणि तो जास्त प्रमाणात घातक मानला जातो; अमेरिकेत १९६८ पासून वेखंड खाद्यपदार्थांत वापरायला बंदी आहे. उत्तर अमेरिकेतल्या वेखंडात गुणसूत्रांचे दोन संच असतात आणि त्यात बीटा-असारोन नसतं. युरोपातल्या वेखंडात तीन संच असतात, त्यात ते बेताचं असतं. आशियात आढळणाऱ्या चार संचांच्या वेखंडात ते तेलाचा मोठा भाग व्यापतं. दिसायला तिन्ही सारखीच, नाव एकच. वरवर पाहता हा प्रदेशाचा फरक वाटतो, पण तो झाडाच्या रक्तातला आहे. अमेरिकेतलं वेखंड कोकणातल्या ओढ्याकाठी लावलं म्हणून त्यात बीटा-असारोन येणार नाही. (ज्यांच्या घरी तान्ह्या बाळाच्या गुटीत अजून वेखंडाचे वेढे घालतात, त्यांनी बाळाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घालू नयेत, ही माझी कळकळीची विनंती.)

सिंकोनाचंही तसंच. इंग्रजांनी निलगिरीत तांबड्या सालीचा सिंकोना लावला, त्यात क्विनीन कमी निघालं. डचांना १८६५ साली बोलिव्हियातून आलेलं दुसऱ्याच जातीचं बी मिळालं, ते त्यांनी जावात लावलं आणि क्विनीनचा बाजार त्यांच्या हाती गेला. डोंगर दोन्हीकडे होते, पाऊस दोन्हीकडे होता. फरक बियांत होता.

आस्कंदात हा घोळ आपल्या दारातच होतो. पुण्याच्या आसपास पडक्या भिंतींच्या कडेला, रस्त्यालगत जंगली आस्कंद उगवतो, काही जण त्याला ढोरगुंज म्हणतात. त्याची मुळी लाकडासारखी कडक, तंतुमय. लागवडीचा नागोरी आस्कंद ठेंगणा आणि पिठूळ मुळीचा. दोन्हींत इतका फरक आहे की लागवडीच्या आस्कंदाला वेगळी जात मानावं, असंही काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी मांडलं आहे. शेतकरी हौसेने कडेच्या झाडाचं बी गोळा करतात, पेरतात, माल परत येतो आणि दोष जमिनीवर जातो. मी असे निदान पाच-सहा जण पाहिले आहेत. मेहनती माणसं, वर्ष वाया गेलेलं. बी विकत घ्यायचंच असेल तर नावाचं घ्या: जवाहर आस्कंद २०, जवाहर आस्कंद १३४, पोषिता असे वाण यासाठीच निवडून काढलेले आहेत.

तपासणी अशी करा. दोन ठिकाणचं बी घ्या, एक जिथला माल पास होतो तिथलं आणि एक जिथला नापास होतो तिथलं. दोन्ही एकाच शेतात, शेजारी शेजारी, एकाच दिवशी पेरा. शक्य असेल तर हेच दोन बी दुसऱ्या तालुक्यातल्या पाहुण्यांच्या शेतातही पेरा. ओळी आलटून पालटून ठेवा: पहिली एकाची, दुसरी दुसऱ्याची, नाहीतर एका बाजूचा पाण्याचा ओहळ सगळा निकाल बिघडवतो. एकाच दिवशी उपटा, एकाच सावलीत सुकवा, एकाच लॅबला पाठवा. एका शेतात दोन्ही बियांचे आकडे सारखे आले तर दोष जमिनीचा होता. वेगळे आले आणि दोन्ही शेतांत तोच फरक टिकला तर दोष बियाण्याचा. दोन्ही थोडं थोडं निघालं तरी दचकू नका, बहुतेकदा तसंच निघतं. मग कोणत्या जमिनीला कोणतं बी, हे ठरवा.

जमिनीचा दोष निघाला तर कारखान्यात त्यावर इलाज नाही. खरेदी बदलावी लागते: गाव ठरवा, भाव जाडीवर न देता रिपोर्टवर द्या आणि तसं शेतकऱ्याला पेरणीआधी सांगा, काढणीनंतर नाही. दोन पास झालेल्या खेपा एकत्र करून आकडा समान करणं मला मान्य आहे. नापास खेप पास खेपेत लपवणं मान्य नाही. बाहेरून अर्क टाकून आकडा चढवणं तर मुळीच नाही. आणि वैद्यांनो, माल कमी भरला म्हणून पेशंटची मात्रा अंदाजाने वाढवू नका. आस्कंद घेणाऱ्यांत यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत. कावीळ, गडद लघवी, अंगाला खाज दिसली की औषध थांबवून पेशंटला लगेच डॉक्टरांकडे पाठवा.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

शेत सांडपाण्यावर पिकलेलं असेल, कारखान्यांजवळ किंवा मोठ्या रस्त्यालगत असेल, तर शिसं, कॅडमियम, आर्सेनिक आणि पारा तपासल्याशिवाय तो माल वापरू नका. जागेचा हा परिणाम ना जिभेला कळतो ना नाकाला. आयुर्वेदिक औषधांसाठीच्या मर्यादा शिशाला दहा लाखात १० भाग, कॅडमियमला ०.३, आर्सेनिकला ३ आणि पाऱ्याला १ अशा आहेत. यासाठी एनएबीएलची (लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेली लॅबच हवी, दुसरा मार्ग नाही. बुरशीचा वास आला तर अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषासाठीही तेच. अशी गोणी उन्हात वाळवून पुन्हा भरू नका.

झाडाच्या ओळखीबद्दलच शंका असेल तर लॅबचा आकडा निरुपयोगी आहे, तिथे वनस्पतिशास्त्रज्ञ लागतो. पुण्यात आपण या बाबतीत भाग्यवान आहोत. आघारकर संशोधन संस्था आहे, भारतीय वनस्पती सर्वेक्षण विभागाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग आहे. चूर्ण घेऊन जाऊ नका. फूल-फळ असलेली फांदी वर्तमानपत्रात दाबून, सोबत मुळी आणि गावाचं नाव घेऊन जा.

आणि वरच्या सगळ्या पायऱ्या करूनही तीन खेपांत आकडा सरळ येत नसेल, तर पुढचं काम घरगुती तपासणीचं नाही, रसायनतज्ज्ञाचं आहे. त्यांच्याकडे जाताना चांगल्या आणि वाईट, दोन्ही खेपांचं पाव-पाव किलो राखीव सॅम्पल न्या, भरड न केलेलं, अख्ख्या मुळ्यांचं. बरणीवरच्या चिठ्ठीवर गाव, जमीन, पाणी, बियाणं, काढणीचा महिना आणि गोणीचा नंबर पेन्सिलने लिहा. शाई दमट हवेत पसरते. माझ्या कपाटात आज अशा बरण्यांची पूर्ण ओळ आहे, आणि नवा माल आला की आधी त्यातली एक मुळी काढून मी नव्या मुळीशेजारी मोडून बघते.